आणि तोवर?

मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे दप्तर कार्यवाह या नात्याने बावीस वर्षे सांभाळल्यावर, आणि त्या अवधीत अनुदानाच्या हप्त्यापासून वार्षिक अहवालाच्या नमुन्यापर्यंत नाना निमित्तांनी आपल्या खात्याशी अखंड पत्रव्यवहार केल्यावर, निवृत्तीनंतर पुन्हा एकदा आणि तेही उघड्या पत्राने आपणांस तसदी देत आहे, याचे कारण एक साधा शब्द आहे. तो शब्द मला एका बाईने ऐकवला, त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि पुढे कितीतरी वर्षे तो माझ्या मनात एखाद्या न मिटलेल्या बाकीसारखा पुढल्या पानावर ओढला जात राहिला.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. दुपारी देवघेवीच्या खिडकीशी गर्दी नसते, अशा वेळी एक तरुण बाई आपल्या चारेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला दिसत नव्हते. आई माझ्याशी बोलत असताना ती आमच्या तालिकापत्रांच्या जुन्या सागवानी कपाटापाशी जाऊन त्याच्या खणांच्या पितळी कड्या एकेक करून चाचपीत होती. खालच्या रांगेतली एक कडी कित्येक वर्षांपूर्वी निखळून पडली होती, तिथे येताच तिचा हात थबकला, मागे गेला, पुन्हा पुढे आला, आणि तिने त्या रिकाम्या भोकात बोट घालून ठेवले. त्या कपाटाशी उभ्या राहिलेल्या शेकडो डोळस सभासदांपैकी कुणाला ती उणीव जाणवल्याचे मला स्मरत नाही. बाईने विचारले, "काका, हिच्यासाठी गोष्टीचं एखादं पुस्तक मिळेल का?" मी, सरकारी पत्रव्यवहाराने घडलेला माणूस, ठरीव सौजन्याने उत्तरलो की मुलगी जरा मोठी होऊ दे, अंधशाळेत तिचे नाव घाला, तिथे ब्रेल शिकवतात, पुस्तकेही तिथे असतात. बाईने मान हलवली, मुलीचा हात हाती घेतला, आणि दारापर्यंत जाऊन वळून एवढेच विचारले, "आणि तोवर?"

महाराज, हे पत्र या 'तोवर'विषयी आहे.

डोळस मूल शाळेत जाण्यापूर्वी कुठे वाचायला शिकते, असा प्रश्न आपण कुणालाही केला तर 'कुठेच नाही' असे उत्तर येईल. आणि ते उत्तर चुकीचे असेल. आईच्या कडेवर बसून एसटी स्थानकावर उभे असलेले मूल गाडीच्या कपाळावरली पाटी पाहत असते, किराणा दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरली अक्षरे पाहत असते, भिंतीवरच्या जाहिराती, देवळाच्या कमानीवरले नाव, आजोबांच्या हातातले वर्तमानपत्र, निवडणुकीची चिन्हे, दिनदर्शिकेतले तांबडे आकडे, असे अक्षरांचे एक अव्याहत हळदीकुंकू त्याच्याभोवती चाललेले असते. कुणी शिकवीत नाही आणि कुणी परीक्षा घेत नाही. तरीही सहाव्या वर्षी पाटी हाती घेणाऱ्या त्या मुलाला इतके पक्के ठाऊक झालेले असते की या आकृत्यांना काही अर्थ असतो, त्या मोठ्या माणसांना बोलायला लावतात, पुस्तक अमुक बाजूने उघडतात, पान उलटले की गोष्ट पुढे जाते. अक्षरे त्याला गिरवायची बाकी असतात, एवढेच. अंध बालकाच्या वाट्याला हे अनायास अक्षरदर्शन येत नाही. ब्रेलचे सहा बिंदू आमच्या तालुक्यात कोणत्याही पाटीवर, पुड्यावर वा कमानीवर उमटलेले नाहीत. मोठ्या शहरातल्या एखाद्या उद्वाहकाच्या कळीवर ते असले तरी त्या कळीपर्यंत चार वर्षांच्या मुलाचा हात पोचत नाही. म्हणजे ज्या वयात डोळस मूल अक्षरांच्या ओळखीचे भांडवल नकळत साठवीत असते, त्या वयात अंध मूल अशा घरात वाढते की जिथे त्याच्या लिपीतला एकही शब्द नाही आणि ती लिपी जाणणारे एकही माणूस नाही. मग सहाव्या किंवा सातव्या वर्षी अंधशाळेत त्याच्यापुढे एकदम ब्रेल पाटी येते, आणि वर्षअखेर गुरुजी लिहितात की मुलाची प्रगती मंद आहे.

कायद्याकडे पाहावे तर तोही याच उंबरठ्यावर उभा आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा २०१६ चा केंद्रीय अधिनियम अनेक दृष्टींनी उदार आहे. परंतु त्याच्या ३१ व्या कलमाने मोफत शिक्षणाचा जो हक्क दिला तो वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतचा आहे. आरोग्य खात्याने आपली बाजू याच्या अलीकडे पुष्कळच सावरली. २०१३ साली याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून मुलांची तपासणी करावयाची आणि दोष आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे रवानगी करावयाची, अशी तजवीज त्यात आहे. जन्मजात मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना होणारा दृष्टिपटलाचा विकार, असे दोष त्यामुळे पूर्वीपेक्षा लवकर कळू लागले, आणि काही मुलांची दृष्टी त्या लवकर कळण्याने वाचलीही. पण ज्यांची वाचली नाही त्यांचे काय? दोष सहाव्या महिन्यात कळतो, शाळा सहाव्या वर्षी येते. आई प्रमाणपत्राचा कागद घडी घालून पिशवीत ठेवते आणि घरी परतते. निदान जितके लवकर, तितका हा 'तोवर' लांब! वैद्यकाच्या प्रगतीने उत्पन्न केलेली ही रिकामी जागा भरून काढणे वैद्यकाच्या आवाक्यातले नाही, आणि शाळेला तर ती दिसतच नाही, कारण तिच्या हजेरीपटाचा आरंभच नंतर होतो. जिथे वयाची अट नाही, परीक्षा नाही, दाखला मागत नाहीत, आणि जिथे आई, आजी व मूल तिघेही एकाच पत्रावर सभासद होऊ शकतात, अशी एकच सार्वजनिक संस्था गावोगाव उभी आहे, आणि ती आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे.

चार वर्षांचे अंध मूल वाचनालयात येऊन वाचणार काय, ही शंका प्रथम माझ्या मनात आली होती, म्हणून ती कुणी काढली तर मला नवल वाटणार नाही. तिचे उत्तर मला शोधता शोधता एका अगदी जुन्या गोष्टीत सापडले. चिमणी आणि कावळा यांच्या घरांची गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. एकीचे घर मेणाचे, दुसऱ्याचे शेणाचे, आणि पाऊस येताच दोघांपैकी कुणावर कोणता प्रसंग गुदरतो हे सांगण्याची गरज नाही. आमच्या बालविभागात या गोष्टीची चार सचित्र पुस्तके होती, आणि त्या चारींत शेजारीशेजारी दोन रंगीत झोपड्या काढल्या होत्या, एक पिवळी आणि एक तपकिरी. चित्रकारांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जरा विचार करून पाहावे की ही गोष्ट मुळात डोळ्यांची आहे काय? मेण बोटाला गुळगुळीत लागते, उबेने मऊ पडते, पाण्याने बिघडत नाही. शेणाची गोवरी खरखरीत असते, तिच्यात काड्या लागतात, तिला वास असतो, आणि पाणी पडले की ती हाताखाली विरघळू लागते. ज्या कुणा आजीने ही कथा प्रथम सांगितली तिने घरांचे रंग सांगितले नाहीत. तिने पदार्थ सांगितले. एका कापडी पिशवीत मेणाचा गोळा, वाळलेल्या गोवरीचा तुकडा, एक पीस आणि पाणी शिंपडायला एक लहानशी वाटी एवढे घातले, तर गोष्ट संपूर्ण हाती येते, आणि हाती येते हे शब्दशः खरे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीसाठी एक वाळका भोपळा पुरतो. आमच्या लोककथांचे हे स्पर्शधन रंगीत छपाईच्या थाटात आपण विसरून गेलो, आणि आता अंध मुलांच्या निमित्ताने ते परत आठवावे लागते आहे.

अशा वस्तूंच्या पिशवीपासून आरंभ करण्यामागे केवळ हौस नाही. उठावाच्या रेषेने हत्ती काढून तो अंध मुलाच्या हातात दिला की त्याला हत्ती कळेल, अशी डोळस माणसाची एक भाबडी समजूत असते. बाह्यरेषा ही दृष्टीची भाषा आहे. चार पायांपैकी दोनच दाखवावे, दूरचे लहान काढावे, हे सारे डोळ्यांनी आपसांत ठरवलेले संकेत आहेत, आणि ज्या बोटांनी हत्ती सोडाच, पण मातीचा हत्तीही कधी हाताळला नाही त्यांना ती रेषा म्हणजे कागदावरची एक वाकडी सुरकुती. म्हणून प्रथम वस्तू, मग वस्तूचा तुकडा चिकटवलेले पान, मग कापडाचे व दोऱ्याचे चित्र, आणि त्या चित्राखाली पहिल्या दिवसापासून ब्रेलची एक ओळ, मुलाला ती वाचता येवो न येवो, असा क्रम या कामातली माणसे धरतात. फ्रान्समध्ये दिजाँ येथे १९९४ पासून अशी स्पर्शचित्रांची पुस्तके हाताने बनवणारी एक कार्यशाळा चालते. तिच्या नावाचा मराठीत अर्थ 'स्वप्न पाहणारी बोटे' असा होईल. नाव थोडे काव्यमय आहे खरे, पण काम सुईदोऱ्याचे आहे, आणि सुईदोरा चालवणारे हात महाराष्ट्रातल्या महिला बचत गटांत कमी नाहीत.

ब्रेलविषयी डोळस समाजात जे गूढ पसरले आहे ते दूर करणे हेही वाचनालयाचेच काम होय. लुई ब्रेल तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगीर-लगामाच्या कारखान्यात आरी लागून अधू झाला आणि पुढे दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला, ही हकीकत शालेय पुस्तकांतून आपण वाचतो. त्याच वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांची अक्षरे बनवली आणि लेकाच्या बोटांना त्यांवरून फिरवून मुळाक्षरे शिकवली, हे चरित्रकार सांगतात ते मात्र क्वचितच कुणी सांगते. १८२४ च्या सुमारास पंधरा वर्षांच्या त्या मुलाने सहा बिंदूंची लिपी सिद्ध केली. पण त्याची पहिली अक्षरे घरातल्या माणसाने घरातल्या हत्यारांनी दिली होती. आपल्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी ठरली. तीत 'अ'ला पहिला बिंदू, 'क'ला पहिला व तिसरा, अशी रचना असून एका गोष्टीत ती आपल्या छापील देवनागरीपेक्षाही सरळ आहे: 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि उच्चार मात्र नंतर करतो, तर ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ', जसे तोंडातून येते तसे. जोडाक्षरांचे मजले तिथे नाहीत. खूण लावून अक्षरे शेजारीशेजारी बसतात. डोळस आईला ही लिपी बोटांनी वाचण्याची गरज नसून ती डोळ्यांनी पाहून शिकता येते, आणि नित्य थोडा वेळ दिल्यास काही आठवड्यांत जमते; मी साठी उलटल्यावर शिकलो, तेव्हा हे अनुभवाने सांगतो. मजेची गोष्ट अशी की बोटांनी वाचणे मला आजतागायत जमलेले नाही.

त्या दृष्टीने सर्वांत उपयोगी पुस्तक म्हणजे द्विलिपी पुस्तक, ज्याच्या एकाच पानावर छापील अक्षरेही असतात आणि ब्रेलही. लंडनमधील क्लियरव्हिजन नावाचे टपालाने पुस्तके देणारे ग्रंथालय साध्या बाजारी बालपुस्तकांची शिवण उसवून त्यांच्या पानांमध्ये ब्रेल उठवलेली पारदर्शक पाने बसवते. खालचे चित्र व मजकूर आईला दिसतो, वरचे बिंदू मुलाच्या बोटांखाली येतात, आणि दोघे एकाच वेळी एकाच वाक्यावर असतात. दोघांनी एकाच वाक्यावर असणे याचे महत्त्व मी पूर्वी जाणत नव्हतो. नुसते ब्रेल पुस्तक घरी नेले तर त्या घरात ते वाचणारे कुणी नसते, आणि नुसते छापील नेले तर ते मुलाचे नसते. घरात मोठा डोळस भाऊ असला तर तोही या पानावरून धाकटीला वाचून दाखवतो, चुकतो, आणि काही महिन्यांनी धाकटी त्याची चूक पकडते.

येथे कुणी म्हणेल की आता हाताहातांत मोबाइल आहेत, ते हवे ते वाचून दाखवतात, सुगम्य पुस्तकालय नावाचा सुलभ ग्रंथांचा मोठा संगणकीय संग्रह २०१६ पासून आपल्या देशात उभा आहे, मग या बिंदूंचा आणि पिशव्यांचा आटापिटा कशाला? त्या संग्रहाविषयी मला आदरच आहे. मोठ्या विद्यार्थ्यांना त्याने जे दिले ते आमच्या पिढीच्या कल्पनेतही नव्हते. परंतु डोळस मुलाला केवळ आकाशवाणी ऐकवून आपण साक्षर म्हणत नाही. ऱ्हस्व-दीर्घ कुठे, शब्द कुठे तुटतो, ओळ कुठे संपते, हे कानाला कळत नाही. आणि ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नाही त्याला हजार पुस्तके ऐकवली तरी अंगठ्याचा ठसा तसाच राहतो. ऐकण्याची सोय वाढली ही चांगलीच गोष्ट झाली. तिच्या आडून वाचण्याची सोय काढून घेऊ नये, इतकेच.

अंध म्हटल्या जाणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना थोडेफार दिसत असते, ही गोष्टही वाचनालयांच्या ध्यानात आणून द्यावी लागते. डोळा वापरला की उरलीसुरली दृष्टी खर्ची पडते, ही एकेकाळी पाश्चात्य शाळांतही रूढ असलेली समजूत आमच्याकडे अजून आज्या-पणज्यांच्या तोंडून ऐकू येते. वास्तविक अल्पदृष्टीच्या मुलाला ठळक टाइप, गुळगुळीत चकाकी नसलेला कागद, तिरपी बैठक आणि पाठीमागून येणारा प्रकाश एवढे लाभले तर ते डोळ्यांनीही वाचते, आणि वाचल्याने त्याची दृष्टी झिजत नाही. ही तरतूद स्वस्त आहे. तिच्यासाठी फार शब्द खर्चीत नाही.

आता खात्याच्या घरचा विषय. आपण ज्या परंपरेचे वारस आहात ती लहान नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, ग्रंथालयांचा कायदा केला. आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान यांची जी व्यवस्था लावून दिली तिच्यामुळे आज राज्यात अशी हजारो वाचनालये उभी आहेत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळण्याविषयीचा आहे, आणि तो आमच्या प्रत्येक अधिवेशनाच्या व्यासपीठावरून उच्चारला जातो. आमच्या नियमांत कुठेही असे लिहिलेले नाही की अंध बालकास सभासद करू नये. त्याच १९३१ साली अमेरिकेच्या संसदेने अंधांना सरकारी खर्चाने पुस्तके पुरवण्याचा कायदा केला, आणि त्यात अंधांना 'प्रौढ' असे एक विशेषण लावले. त्या एका विशेषणामुळे एकवीस वर्षे त्या योजनेची पुस्तके मुलांपर्यंत पोचली नाहीत, आणि १९५२ मध्ये तो शब्द काढून टाकण्यासाठी कायदा दुरुस्त करावा लागला. आमच्याकडे तसले विशेषण नाही. पण काढून टाकण्यासारखा शब्द असणे हेही एक भाग्यच म्हणावे लागते. कारण आमच्याकडे जे नाही ते म्हणजे रकाना, आणि नसलेला रकाना खोडून दुरुस्त करता येत नाही.

'अ', 'ब', 'क', 'ड' वर्गांतले वाचनालय वर्षभर ज्याकडे डोळे लावून बसते तो तपासणीचा तक्ता आपण जाणताच. ग्रंथ किती, नियतकालिके किती, सभासद किती: या रकान्यांत जे मावते ते आम्ही विकत घेतो. हे मी टीकेच्या सुरात म्हणत नाही; मी स्वतः असाच कार्यवाह होतो. मार्चअखेर ग्रंथसंख्या भरावयाची असे, तेव्हा एका हाताने शिवलेल्या स्पर्शपुस्तकाच्या किमतीत पातळ बालपुस्तकांचा एक गठ्ठा येत असे, आणि दाखल नोंदवहीत स्पर्शपुस्तकाचा क्रमांक एकच पडत असे. अशा हिशेबात कोणता कार्यवाह काय घेईल हे सांगायला ज्योतिषी नको. कथापिशवीला तर क्रमांकच नाही, कारण ती ग्रंथ नव्हे. तेव्हा माझी पहिली आणि खरे पाहता एकमेव मागणी या तक्त्यासंबंधी आहे: बालविभागाच्या तपासणीत स्पर्शसाहित्याचा एक स्वतंत्र रकाना घालावा, त्यातल्या नगाला त्याच्या श्रमाच्या मानाने भारांश द्यावा, आणि एक दृष्टिबाधित बालक व त्याचे कुटुंब मिळून झालेले सभासदत्व मोजताना ते एका वर्गणीचे न मानता त्याची वेगळी दखल घ्यावी. रकाना आला की बाकीचे आम्ही खेड्यातले लोक आपोआप करतो, हा माझा अनुभव आहे. स्पर्धापरीक्षांची पुस्तके आमच्या कपाटांत कशी भरली ते आपण पाहिलेच आहे.

प्रत्येक तालुक्याने असा संग्रह करावा असे मी म्हणणार नाही. जिल्हा ग्रंथालयांत तो असावा आणि तिथून फिरता राहावा. ब्रेल ग्रंथांना टपालखर्च नाही ही गोष्ट आमच्या निम्म्या ग्रंथपालांना ठाऊक नसते. सात किलोपर्यंतचे अंध-साहित्याचे पुडके आपले टपाल खाते विनामूल्य नेते. पिशव्या एसटीच्या पार्सलाने जाऊ शकतील. प्रकाशकाची परवानगी ही अडचण सांगितली जाते, तीही आता खरी उरलेली नाही: स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नफा न घेता सुलभ रूपात नक्कल करण्याची मुभा दिली, आणि २०१३ च्या मराकेश तहाला सर्वांआधी संमती देणारा देश आपलाच आहे. ब्रेलचे छापखाने व जाणकार आपल्याकडे आहेत. मुंबईचा नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून काम करीत आहे, डेहराडूनला केंद्राची संस्था आहे, आणि 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये मुंबईतून निघाले तेव्हा आमच्यासारख्यांना प्रथमच कळले की मराठी ब्रेलला नियमित वाचक आहे. मात्र या साऱ्यांचा वाचक बहुधा शिकलेला, मोठा. दुधाचे दात न पडलेल्या वाचकाचे खाते अजून कुणाच्याच नावावर नाही.

ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाविषयी एक अनुभव लिहितो, त्यात माझी फजिती आहे. त्या बाईला परत पाठवल्याची टोचणी लागून मी पुढे काही ब्रेल बालपुस्तके मिळवली. ती आली तेव्हा जाड, फुगीर आणि कपाटात बेंगरूळ दिसणारी. तेव्हा नीटनेटकेपणाच्या हौसेने मी ती आडवी रचून त्यांवर गॅझेटियरचे खंड ठेवले आणि महिनाभर तशीच दाबून ठेवली. पुढे एक अंध शिक्षक सहज म्हणून वाचनालयात आले, त्यांना मी मोठ्या अभिमानाने एक पुस्तक काढून दिले, त्यांनी पानावरून बोटे फिरवली, पुन्हा फिरवली, आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "कार्यवाह, आपण याला इस्त्री केली आहे." ब्रेलची पुस्तके उभी ठेवावयाची असतात, दाटीवाटीने नाही, हे मला बावीस वर्षांच्या सेवेत कुणी सांगितले नव्हते, आणि ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ते सांगायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. त्याच पाच मिनिटांत हेही सांगता येईल की स्पर्शपुस्तक झिजून, दोरे निघून, चिकट होऊन परत आले तर ते वाचले गेले असे समजावे आणि अनामतीतून कापू नये. पंधरा दिवसांची मुदत या कुटुंबांना अपुरी आहे. आणि बालविभागातली 'शांतता राखा' ही पाटी शनिवारच्या दुपारी उतरवून ठेवावी, कारण ज्याला दिसत नाही त्याला खोली किती मोठी, दार कुठे आणि माणसे कोण हे आवाजानेच कळते, आणि पूर्ण शांत खोली ही त्याच्या दृष्टीने दिवा मालवलेली खोली असते.

आपले कार्यालय मुंबईच्या नगर भवनात आहे. त्या उंच पायऱ्या मी अनेकदा चढलो आहे, बहुधा अनुदानाच्या चौकशीसाठी. एकदा त्या पायऱ्या चढताना मनात आले की त्या आईने 'आणि तोवर?' हा प्रश्न खरे तर इथे विचारायला हवा होता. माझ्या खिडकीशी विचारून तिने आपला शब्द वाया घालवला.

ती मुलगी आता आमच्या गावी नाही. आमच्या समितीने कथापिशवी करावयाचा ठराव केला तोवर ती अंधशाळेच्या वसतिगृहात गेली होती. पिशवीचा पहिला उपयोग दुसऱ्याच एका, पलीकडल्या वाडीतल्या तीन वर्षांच्या मुलाला झाला. ठरावाच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी सरस्वतीच्या मंदिरात गोवरी आणण्यास हरकत घेतली होती, ती इतिवृत्तात नमूद आहे. गोमय पवित्र असल्याचे दुसऱ्या सदस्यांनी निदर्शनास आणल्यावर ती मागे घेतली गेली, तेही नमूद आहे. मेण एका मधपाळाने फुकट दिले. गोवऱ्या मात्र बाजारातून आणाव्या लागल्या, आणि शिस्तीप्रमाणे मी दहा रुपयांची पावती फाडून घेतली. त्या वर्षीच्या हिशेबतपासणीत त्या पावतीवर शेरा पडला: 'सदर खर्च कोणत्या शीर्षाखाली?' ग्रंथखरेदीत तो बसत नव्हता, बांधणीत बसत नव्हता, फर्निचरात तर नाहीच. किरकोळ खर्चात टाकावा असे तपासनिसांनी सुचवले, पण किरकोळ म्हणायला माझा हात होईना. मी शेऱ्यापुढची जागा कोरी सोडली. पुढच्या कार्यवाहांनीही ती तशीच ठेवली आहे. तरी ते शीर्ष कोणते, एवढे आपल्या सहीने कळवावे, म्हणजे दप्तर पुरे करता येईल.



आपला नम्र,
एका तालुका वाचनालयाचा माजी कार्यवाह